थांबलेल्या मशीनचे पैसे कोण देणार?

प्रकरण अभ्यास : शिरोली एमआयडीसीतील एक मशिन शॉप आणि कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीकडून कास्टिंग (ओतीव भाग) घ्यायचे, त्याचे मशिनिंग करायचे, म्हणजे ते कापून अचूक मापाला आणायचे, आणि ट्रॅक्टर कंपनीच्या टेम्पोत भरून पाठवायचे, हा धंदा करणारी बरीच युनिट्स आहेत. त्यातलेच एक मध्यम चणीचे युनिट इथे घेतले आहे. युनिट प्रातिनिधिक आहे. त्यातले पगार, फी आणि मशीनचे तासाचे दर हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. योजना, कायदे आणि त्यांतल्या रकमा मात्र खऱ्या आहेत, २०२४ आणि २०२५ मध्ये होत्या तशा.

युनिटमध्ये नऊ मशीन : पाच सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), चार व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन). भागीदारी संस्था. कंपनीच्या हजेरीपटावर २७ माणसे, ठेकेदाराकडून आलेली १९. सगळे मिळून ४६.

भिंतीवरचा तक्ता

जुलै २०२४ मध्ये ग्राहक कंपनीचे लोक ऑडिटला आले. भिंतीवर प्रत्येक कामगाराच्या नावापुढे चार भागांत वाटलेली वर्तुळे होती. एक भाग रंगवलेला म्हणजे शिकतो आहे, चारही रंगवलेले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटरने तक्ता बारकाईने पाहिला आणि विचारले, ‘हे सगळे एकाच दिवशी एकाच मार्करने भरले का?’ मग त्याने एका ऑपरेटरला टर्निंग सेंटरवर बोलावले आणि बोअर (भागातले भोक) वीस मायक्रॉन मोठा येतोय, दुरुस्त कर, असे सांगितले. तक्त्यावर त्या पोराचे चारही भाग रंगवलेले होते. त्याने सेटरला, म्हणजे नव्या भागासाठी मशीन लावून देणाऱ्याला, हाक मारली.

दुखणे इथेच होते. ऑपरेटर म्हणजे जॉब (मशिनिंगचा भाग) लावणारा, सायकल स्टार्टचे बटण दाबणारा आणि जॉब काढणारा. टूल ऑफसेटला, म्हणजे माप दुरुस्त करायला मशीनमध्ये द्यायच्या आकड्याला, हात लावायची त्याला परवानगी नव्हती, कारण पूर्वी कुणीतरी दशांशचिन्ह चुकवून टरेट (टूल धरणारा भाग) चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) आदळला होता. नऊ मशीनना सेटर दोन. त्यातला एक चाकणला जास्त पगारावर गेला आणि उरलेला एक दोन्ही पाळ्या सांभाळत होता. तो रजेवर गेला की सेटिंग अडायचे, रिजेक्शन वाढायचे.

ऑडिटचा निकाल आला : सहा महिन्यांत किमान दहा ऑपरेटर ऑफसेट देणे, फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला भाग) तपासणे आणि साधा प्रोग्रॅम वाचणे या पातळीवर आले पाहिजेत. नाहीतर नव्या भागांची चौकशी येणार नाही. या मुदतीचे पुढे काय झाले ते ओघात येईलच.

सहा लाखांचा कागद

मॅनेजरने दोन दिवसांत एक कागद केला. दहा माणसे, प्रत्येकी दहा दिवस, रोज आठ तास, बाहेरच्या टूल रूममध्ये. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम त्याच्या डोळ्यांसमोर होती. केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाखालची ही संस्था लहान मुदतीचे अभ्यासक्रम घेते आणि तिथे माणूस खऱ्या मशीनवर शिकतो. कागदावर हे आकडे होते :

फी माणशी १२,००० प्रमाणे १,२०,०००. राहणे-जेवण रोज ९०० प्रमाणे ९०,०००. त्या दिवसांचा पगार रोज ७०० प्रमाणे ७०,०००. आणि ८०० मशीन-तास बंद, ऑपरेटरचा पगार वगळून तासाला सरासरी ४०० प्रमाणे ३,२०,०००. एकूण सहा लाख.

मालकांचे पहिले वाक्य होते, ‘सहा लाख? सरकार शिकवायला पैसे देतंय म्हणतात, ते बघा की आधी.’

बहुतेक ठिकाणी शोध इथूनच सुरू होतो आणि इथेच वाट चुकतो. कागद नीट पाहिला तर फी एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाएवढीच आहे. निम्म्याहून जास्त रक्कम थांबलेल्या मशीनची आहे. सरकारी योजना फी देतात, विद्यावेतनात हिस्सा उचलतात, सल्लागाराचे पैसे भरतात. बंद मशीनचा तास कुणी भरून देत नाही. सहा लाखांतले तीन लाख वीस हजार कुठल्याही अर्जाने येणार नव्हते. ते कमी करायचे तर प्रशिक्षणाचा आराखडाच बदलायला हवा होता.

दुसरी गोष्ट लवकर लक्षात यावी अशी. आपल्याकडे कौशल्य विकासाचा पैसा प्रामुख्याने नव्याने येणाऱ्या पोरांसाठी आहे. दहा-पंधरा वर्षे मशीनवर उभा असलेल्या माणसाला पुढचे शिकवायला थेट अनुदान फार थोडे मिळते. धोरण म्हणून मला हे चुकीचेच वाटते, पण कारखानदाराने अर्ज आहे त्या धोरणावर करायचा असतो.

आधी जिथे गेले तिथे काही नव्हते

एका एजंटने फोनवर सांगितले होते की प्रशिक्षणावर शंभर रुपये खर्च करा, आयकरात दीडशेची वजावट घ्या, कागद मी करून देतो. असे कलम होते, ३५ सीसीडी. पण ते कंपन्यांसाठी होते, त्यासाठी प्रकल्पाला मंजुरी लागे, आणि दीडपट वजावट १ एप्रिल २०२० पासून संपून ती शंभर टक्क्यांवर आली. आपले युनिट तर भागीदारी संस्था. प्रशिक्षणाचा नेहमीचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून तसाही वजा होतो. त्याला एजंट लागत नाही.

ग्राहक कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून काही मिळेल का, असे पत्र गेले. नकार आला आणि तो योग्यच होता. सीएसआरच्या नियमांत कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातला खर्च बसत नाही, आणि आपल्याच पुरवठादाराचे कामगार शिकवणे हा धंद्याचाच भाग आहे. पण त्या पत्राचा एक उपयोग झाला. कंपनीच्या पुरवठादार-गुणवत्ता विभागाने दोन दिवस आपला इंजिनिअर पाठवायचे कबूल केले, ड्रॉइंगवरच्या भौमितिक टॉलरन्सच्या (आकारात आणि जागेत किती फरक चालेल ते सांगणाऱ्या) खुणा शिकवायला. ‘प्रशिक्षणासाठी अनुदान द्या’ असे न लिहिता ‘या दोन भागांवर पोझिशनचे रिजेक्शन येते, शिकवायला माणूस द्या’ असे लिहिले असते, तर हे पहिल्या पत्रातच झाले असते.

इन्सर्ट (टूलला लावायची बदलती पाती) पुरवणाऱ्या कंपनीचा टूलिंग इंजिनिअरही असाच. त्याला फुकट शिकवायला आवडते, कारण ऑपरेटरला इन्सर्ट कळला की तो त्याचाच इन्सर्ट मागतो. त्याला दर महिन्याचा एक शनिवार ठरवून दिला. आणि पुढचे मशीन घेताना पर्चेस ऑर्डरमध्येच प्रशिक्षणाचे दिवस आणि माणसांची संख्या लिहायची, हे त्या दिवशी ठरले. मशीन येऊन बसल्यावर तोंडी मागितलेले प्रशिक्षण अर्ध्या दिवसात उरकले जाते.

‘आम्हाला लागू नाही’

शिकाऊ उमेदवारांचा विषय निघाला तेव्हा हिशेब सांभाळणाऱ्या मॅडम मालकांना म्हणाल्या, ‘दादा, ते तीस माणसांच्या वर. आपली सत्तावीस.’

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याखालचे नियम २०१९ मध्ये बदलले आणि तेव्हापासून ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला दर आर्थिक वर्षी एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक झाले. ४ ते २९ माणसांना ते ऐच्छिक आहे. मेख अशी की या मोजणीत ठेक्याची माणसेही धरतात. म्हणजे इथे ४६. किमान एक, कमाल सहा शिकाऊ. आणि न घेतल्यास दंड : पहिले तीन महिने, कमी असलेल्या प्रत्येक शिकाऊमागे दरमहा ५०० रुपये, त्यानंतर दरमहा १,०००.

दंडाची रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यामुळे मालक खुर्चीत सावरून बसले.

आता पैशाची बाजू. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या शिकाऊचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, जी २०१६ पासून आहे, केंद्र सरकार त्यातले २५ टक्के देते, पण १,५०० च्या मर्यादेत. ६,००० च्या विद्यावेतनालाच ही मर्यादा गाठली जाते, म्हणजे त्यावर मालकाने जे काही वाढवावे ते स्वतःच्या खिशातून. पूर्वी ही रक्कम मालकाने आधी द्यायची आणि नंतर परत मागायची अशी पद्धत होती आणि परताव्याच्या नादात लोक कंटाळून जात. ऑगस्ट २०२३ पासून सरकारचा हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात जाऊ लागला. मालकाने आपला हिस्सा भरून त्याची नोंद योजनेच्या पोर्टलवर करायची. पोराचे बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात आणि तो विचारायला मॅडमकडेच येतो. म्हणून करार करण्याआधी खाते तपासायचे.

शिकाऊला पीएफ आणि ईएसआय लागू नाही. मात्र कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच आणि कारखान्यांसाठीची आरोग्य-सुरक्षेची कलमे त्यालाही लागू. ओव्हरटाइम शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय देता येत नाही. मालकांनी विचारले होते, ‘रात्री थांबवलं तर?’ उत्तर : नाही थांबवता येत.

प्रश्न राहिला ७,००० वर कोण येणार. कळंब्याच्या शासकीय आयटीआयतून टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेल्या मुलाला शिरोलीत साधा हेल्पर म्हणून याहून जास्त मिळतात. किमान रकमेवर आलेला मुलगा दुसऱ्या महिन्यात शेजारच्या गाळ्यात दिसतो. म्हणून ११,००० ठरवले : मालकाचे ९,५००, सरकारचे १,५००. आयटीआयचे पाच घेतले. सहावा डिप्लोमाचा, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या दुसऱ्या योजनेतून, जी आपल्या भागात मुंबईच्या सायनमधले शिकाऊ प्रशिक्षण मंडळ पाहते. तिथे डिप्लोमाचे किमान विद्यावेतन ८,००० आणि सरकारचा हिस्सा त्याच्या निम्मा, ४,०००. याला १२,००० ठरवले आणि सीएमएमवर (भागांची मापे तपासणाऱ्या मशीनवर) बसवले. डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांसाठी सरकारचा वाटा जास्त आहे, हे बऱ्याच लहान कारखान्यांच्या गावीही नसते.

इथे थोडे थांबून एक सांगायला हवे. शिकाऊ योजना स्वस्त हेल्पर मिळवण्यासाठी वापरणारे आहेत आणि ते कुणापासून लपलेले नाही. या युनिटलाही तो मोह होताच. दुसऱ्या पाळीसाठी त्यांना तीन हेल्पर हवेच होते. ठेकेदाराचे बिल माणशी १७,००० धरले तर वर्षाचे ६,१२,०००. सहा शिकाऊंसाठी मालकाच्या खिशातून साधारण तेवढेच जाणार होते. फरक कशाने पडला तर एका वहीने. प्रत्येक शिकाऊला एक वही आणि त्यात आठवड्याचे एकच काम : या आठवड्यात सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) बोअर करायला शिकला का, बोअर गेज मास्टरवर शून्य करता येते का, इन्सर्टची धार कधी बदलायची ते सांगता येते का. शनिवारी सेटरची सही. सही नसेल तर मॅनेजरला उत्तर द्यावे लागे. तिसऱ्या महिन्यानंतर ही पोरे देखरेखीखाली मशीन चालवू लागली, आणि त्यामुळे जुन्या ऑपरेटरांना शिकायला सोडता येऊ लागले.

योजनेचे खरे मोल इथे आहे. दरमहा १,५०० ने काही फरक पडत नाही. जुना माणूस शिकायला गेला तरी मशीन चालू राहिले, हा फरक आहे.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना त्याच जुलैमध्ये सुरू झाली होती. सहा महिने, बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, सगळे राज्य सरकारकडून. मालकांना ही फारच आवडली. मशीनवर मात्र ती इथे वापरली नाही. सहा महिन्यांत सेटर होत नाही आणि ज्याला शिकवले तो जातो. स्टोअर आणि गुणवत्तेचे कागद नीट लावायला एक पदवीधर मुलगी घेतली आणि पुढच्या ऑडिटला तिचे काम दिसले.

ज्या दारावर प्रशिक्षण असे लिहिलेलेच नव्हते

जुन्या दहा ऑपरेटरांना शिकवायला पैसा कुठून? तो मिळाला एमएसएमई मंत्रालयाच्या लीन (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याच्या) योजनेतून. मार्च २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली. उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उत्पादन युनिटने पोर्टलवर आधी शपथ घ्यायची, मग बेसिक, इंटरमिजिएट आणि अॅडव्हान्स्ड अशा पायऱ्या. बेसिक मोफत. पुढच्या दोन पायऱ्यांना सल्लागार कारखान्यात येतो आणि त्याच्या फीचे ९० टक्के सरकार भरते. स्त्रिया, अनुसूचित जाती किंवा जमातीचे उद्योजक, ईशान्य भारतातली युनिट्स आणि स्फूर्ती (पारंपरिक उद्योगांसाठीची केंद्राची योजना) क्लस्टरमधली युनिट्स यांना आणखी ५ टक्के.

मॅनेजरने ही योजना आधी बाजूला ठेवली होती. त्याच्या डोक्यात लीन म्हणजे फरशीवर पिवळे पट्टे आणि भिंतीवर घोषणा. योजनेच्या नावातही प्रशिक्षण नाही. पण तिच्यात करायचे काम काय, तर चालू पाळीत, स्वतःच्या मशीनपाशी, स्वतःच्या कामगारांना शिकवणे. सल्लागाराची फी १,२०,००० धरली तर १२,००० आपले.

सल्लागाराने पहिल्याच आठवड्यात एका टर्निंग सेंटरचे सेटिंग मोबाइलवर चित्रित केले आणि चहाच्या वेळी सगळ्यांना दाखवले. शेवटचा चांगला जॉब निघाल्यापासून नव्या भागाचा पहिला चांगला जॉब निघेपर्यंत ९५ मिनिटे. त्यात सेटर जॉचा सेट शोधायला टूल क्रिबमध्ये (टूल ठेवायच्या खोलीत) गेला. सेट होता, पण एक जॉ दुसऱ्या सेटचा. परत आला, बोल्ट काढले, अॅलन की बोथट, ती बदलायला पुन्हा गेला. जॉ बसवून बोअर केले. मग एकेक टूल होल्डर उचलून इन्सर्ट बदलत बसला, मशीन तसेच उभे. शेवटी पहिला पीस घेऊन सीएमएमवर गेला तर तिथे आधीच तीन भाग रांगेत. चित्रफीत पाहताना पोरे हसत होती, सेटर हसत नव्हता. त्याची चूक नव्हती हे सल्लागाराने सगळ्यांसमोर सांगितले, ते बरे केले.

उपाय कुणालाही ठाऊक असलेलेच. मशीन थांबवूनच करावी लागणारी कामे एका बाजूला, मशीन चालू असताना आधी करून ठेवता येणारी दुसऱ्या बाजूला. पुढच्या भागाचे जॉ, होल्डर, गेज आणि ड्रॉइंग एका ट्रॉलीवर आदल्या पाळीत तयार. फर्स्ट पीसला सीएमएमवर रांग मोडायची मुभा. ट्रॉली लावायचे काम ऑपरेटरकडे आणि शिकाऊकडे, म्हणजे सेटिंगमध्ये काय काय लागते हे त्यांना आपोआप कळू लागले.

मार्च २०२५ पर्यंत सेटिंग ९५ वरून ४५ मिनिटांवर आले. नऊ मशीन, प्रत्येकावर आठवड्याला सरासरी तीन सेटिंग, प्रत्येकी ५० मिनिटे वाचली : आठवड्याला साडेबावीस मशीन-तास. जो तास द्यायला कुणी तयार नव्हते तो कारखान्यातच पडून होता.

मॅनेजरचा आक्षेप रास्त होता. ‘दादा, हे तास विकता येतात. चारशे रुपयांनी धरलं तर आठवड्याला नऊ हजार. शिकवण्यात कशाला घालायचे?’ मालकांनी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. ऑर्डर तेव्हा भरपूर नव्हत्या, हे एक कारण. दुसरे असे की एकुलता सेटर आजारी पडला तर किती तास जातात ते सगळ्यांनी नुकतेच पाहिले होते. पाच महिने हे तास शिकण्यासाठी राखायचे ठरले. ऑर्डरनी शेड भरलेली असती तर हा निर्णय असाच झाला असता असे मला वाटत नाही, आणि न झाल्याबद्दल मालकांना दोषही देता आला नसता.

बदललेला आराखडा असा. टूल रूमला दहा नव्हे, चारच माणसे गेली होती, आधीच्या डिसेंबर-जानेवारीत दोन-दोन करून. निवड वयाने किंवा सेवेने नव्हे, तर दुसऱ्याला शिकवायला कोणाला आवडते यावरून केली. त्यावरून थोडी धुसफूस झाली. उरलेले सहा जण या चौघांकडून, टूलिंग इंजिनिअरकडून आणि ग्राहकाच्या इंजिनिअरकडून आत शिकले. माणशी ८० तास, एकूण ४८०, म्हणजे साडेबावीसच्या हिशेबाने एकवीस-बावीस आठवडे. ग्राहकाने दिलेली सहा महिन्यांची मुदत यात हुकणार हे उघड होते. पण जानेवारीत चार माणसे तयार होती, ट्रॉली दिसत होती आणि भिंतीवरच्या तक्त्यावर वेगवेगळ्या तारखा आणि वेगवेगळ्या सह्या होत्या. ग्राहकाने ऑगस्टपर्यंत मुदत वाढवली.

मामा

सगळे ज्यांना मामा म्हणतात ते टर्नर दहावी नापास, लेथवर उभे आयुष्य गेलेले. त्यांना पूर्वज्ञानाची मान्यता देणाऱ्या योजनेतून, म्हणजे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतल्या आरपीएलमधून, परीक्षेला बसवावे असे ठरले. यात फी लागत नाही. थोडी ओळख, मग मूल्यमापन आणि प्रमाणपत्र. नवे काही शिकायला मिळत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. मामा म्हणाले, ‘आता मला पास कोण करणार?’ पण ऑडिटच्या फाइलमध्ये, अनुभवी माणसाची पात्रता दाखवायला, बाहेरच्या संस्थेचा कागद उपयोगी पडतो. मामांना त्याचा आनंद झाला का? त्यांनी तो घरी नेला नाही, फाइलमध्येच ठेवा म्हणाले.

हिशेब

सहा लाखांच्या जागी प्रत्यक्ष खर्च असा बसला. चौघांची फी ४८,०००, राहणे-जेवण ३६,०००, पगार २८,०००. आत शिकलेल्या सहांचा त्या तासांचा पगार ४२,०००. लीनचा आपला हिस्सा १२,०००. टूल रूमला गेलेल्यांचे ३२० मशीन-तास, त्यातले निम्मे शिकाऊंमुळे चालू राहिले, म्हणून बंदचा खर्च ६४,०००. एकूण २,३०,०००. फीवरच्या जीएसटीचा परतावा मिळाला, तो यात धरलेला नाही.

बाहेरून आलेला पैसा : लीनचे १,०८,०००. आयटीआयच्या पाचपैकी एक चौथ्या महिन्यानंतर पुण्याला गेला, म्हणून बारा महिन्यांचे चार आणि चार महिन्यांचा एक, असे ५२ महिने गुणिले १,५०० म्हणजे ७८,०००. डिप्लोमाच्या मुलाचे ४८,०००. बेरीज २,३४,०००.

दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या आल्या म्हणून प्रशिक्षण फुकटात झाले असे कुणी समजू नये. विद्यावेतनाचा हिस्सा मुलांच्या खात्यात गेला, कारखान्याच्या नाही. शिवाय मालकांनी स्वतःच्या खिशातून शिकाऊंना वर्षभरात ५,९०,००० दिले. तीन हेल्परचे ६,१२,००० वाचले म्हणून ती रक्कम झेपली. हेल्पर लागणारच नसते तर हा सगळा आराखडा इतका सोपा बसला नसता. मॅडमचे पोर्टलवरचे तासही यात कुठे धरलेले नाहीत. आधार जोडणी, करार, दरमहाची नोंद हे सगळे त्यांनी जीएसटी रिटर्न सांभाळून केले. दिवाळीत मालकांनी त्यांना वेगळे पाकीट दिले, ते योग्यच.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. सेटिंग शिकलेल्या ऑपरेटरांचा पगार किती वाढवायचा यावर घोळ चालूच आहे. चौघांपैकी एकाला चाकणहून फोन येऊन गेला आहे. तीन वर्षे सोडणार नाही असा बॉण्ड लिहून घ्यावा असे मॅनेजरचे म्हणणे होते. मालकांनी त्याऐवजी ऑफसेट आणि सेटिंग या दोन पायऱ्यांना दरमहा वेगळा भत्ता सुचवला आहे. आकडा ठरायचा आहे.

ऑगस्ट २०२५ नंतर

शिकाऊंचे करार ऑगस्टअखेर संपले. आयटीआयच्या चौघांपैकी तिघांना १ सप्टेंबरपासून १६,००० वर, पीएफसह कायम घेतले. इथे योगायोगाने आणखी एक दार उघडले होते. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. पीएफमध्ये पहिल्यांदाच येणाऱ्या कामगाराला एका महिन्याच्या पगाराएवढी, जास्तीत जास्त १५,००० ची रक्कम दोन हप्त्यांत. मालकाला प्रत्येक वाढीव कामगारामागे, पीएफचा पगार १०,००० ते २०,००० मध्ये असेल तर, दरमहा २,०००. ही मदत दोन वर्षे, उत्पादन क्षेत्राला चार वर्षे. पन्नासहून कमी माणसांच्या आस्थापनेने किमान दोन वाढीव माणसे घेऊन ती सहा महिने टिकवली पाहिजेत. तिघांचे दरमहा ६,०००.

आयकरातले ८० जेजेएए हे कलमही इथे लागू होते : लेखापरीक्षण होणाऱ्या धंद्याला, २५,००० पर्यंत पगार असलेल्या वाढीव कामगारांच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट, तीन वर्षे. तिघांचा वर्षाचा पगार ५,७६,०००, वजावट १,७२,८००. पण अट २४० दिवसांची. सप्टेंबर ते मार्च हे २१२ दिवस होतात, म्हणून पहिल्या वर्षी वजावट नाही. पुढच्या वर्षी दिवस भरले की ती त्या वर्षापासून मोजतात. तोपर्यंत १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा आयकर कायदा लागू असेल आणि कलमाचा क्रमांक बदललेला असेल. सीएच्या यादीत हे आत्ताच लिहून ठेवले आहे.

शिकाऊंच्या दुसऱ्या तुकडीची निवड सुरू आहे. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये विद्यावेतनाचा ५,००० ते ९,००० हा पट्टा ६,८०० ते १२,३०० करावा अशी शिफारस केली. त्याच प्रमाणात वाढ झाली तर आयटीआयचे ७,००० साडेनऊ हजारांच्या आसपास जातील. इथे आधीपासून ११,००० देत असल्याने या तुकडीच्या हिशेबात त्याने काही हलणार नाही. डिप्लोमाच्या जागेसाठी मात्र यंदा दोन मुले मागितली आहेत.